मिक्स मीडिया, रंग आणि घरभर पसारा: सारखे विचारले जाणारे प्रश्न

वर्कशॉपला येणारे लोक, शेजारपाजारचे, व्हॉट्सॲपवाले, सगळे मिळून फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. वाचा, आणि मग मेसेज करा :)

मिक्स मीडिया म्हणजे नक्की काय हो? कोलाजच ना?

कोलाज त्यातलाच एक भाग. एकाच चित्रात रंग, कागद, कापड, दोरा, पुट्टी, पेन, जे काही एकत्र येईल ते मिक्स मीडिया. पण नुसतं सगळं एकत्र चिकटवलं की झालं असं नाही, खरी गंमत आणि खरी डोकेदुखी एकच आहे, ती म्हणजे कशावर काय बसतं आणि कशावर बसत नाही. हे एकदा कळलं की बाकी तुमची मर्जी. खाली जे काही लिहिलंय ते शेवटी फिरून याच मुद्द्यावर येतं.

हे सगळं परदेशी फॅड आहे का? आपल्याकडे असलं काही होतं का?

पुस्तकांत १९१२ सालची गोष्ट सांगतात, पिकासोने वेताच्या विणकामाची नक्षी छापलेला ऑइलक्लॉथ (मेणकापड) कॅनव्हासवर चिकटवला आणि कडेने दोर लावला. बरोबरच आहे ते. पण आपल्याकडे त्याच्याही आधी राजा रवि वर्म्यांच्या छापील चित्रांना लोक जरी, टिकल्या, खऱ्या कापडाचे तुकडे लावून सजवत होते. रवि वर्म्यांचा छापखाना १८९४ ला मुंबईत सुरू झाला, मग मळवलीला, लोणावळ्याजवळ गेला, तिथून घरोघरी लक्ष्मी-सरस्वती पोचल्या आणि बायकांनी त्यांना अक्षरशः साड्या नेसवल्या. छापलेला कागद, वर कापड, वर जरी. याला दुसरं काय म्हणणार?

आणि तंजावर. मराठ्यांचं राज्य तिथे, दुसरे सरफोजीराजे भोसले यांच्या काळात (१७९८ ते १८३२) ही चित्रं खूप बहरली. लाकडी फळीवर कापड, त्यावर खडूची पूड आणि गोंद मिसळून केलेला उठाव, त्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. आज दुकानात डबीत जी टेक्स्चर पेस्ट मिळते तिचं मूळ काम तेच, खडू अधिक चिकट काहीतरी. त्यामुळे कोणी फॅड वगैरे म्हणालं तर तंजावर म्हणायचं आणि गप्प बसायचं.

सुरुवातीला काय काय विकत घ्यावं? यादी द्या ना.

मोठी यादी देणार नाही कारण लोक सगळं आणतात आणि मग ते कपाटात पडून राहतं. ॲक्रिलिकच्या पाच ट्यूब पुरतात: पांढरा (हा मोठा घ्या, सगळ्यात आधी हाच संपतो), काळा, एक लाल, एक पिवळा, एक निळा. एक चपटा ब्रश इंचभर रुंदीचा, एक बारीक गोल ब्रश, फेविकॉल एमआर, जेसोची (रंगाआधी लावायचा पांढरा अस्तराचा थर) एक बाटली, पॉलिश पेपर २२० नंबर, आणि जुनं एटीएम कार्ड. कार्ड का ते पुढे येईलच. बाकी घरात आहेच, जुन्या साड्यांचे काठ, लग्नपत्रिका, पिठाची चाळणी (टेक्स्चरला, पण परत स्वयंपाकघरात नेऊ नका), दातांचा जुना ब्रश शिंतोडे उडवायला.

पुण्यात असाल तर रंग-कागद अप्पा बळवंत चौकात, आणि हार्डवेअरचं, क्राफ्टचं बोहरी आळीत. मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट आणि क्रॉफर्ड मार्केटचा परिसर, लेस-टिकल्या-मोत्यांना भुलेश्वर. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका एवढंच सांगते.

कशावर काम करायचं? कॅनव्हास, एमडीएफ की कागद?

शिकायला ३०० जीएसएमचा (हे कागदाच्या जाडीचं माप) जाड कागद किंवा कॅनव्हास बोर्ड. जाड टेक्स्चर, पुट्टी, खडे, शंख असलं जड काही लावायचं असेल तर एमडीएफच (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घ्या, कारण ताणलेला कॅनव्हास हलतो आणि जाड थराला तडे जातात. एमडीएफला पाणी चालत नाही, कडेने फुगतो, म्हणून कडांना सुद्धा जेसो लावायचा, लोक नेमक्या कडाच विसरतात.

अजून एक, बोर्डाच्या एकाच बाजूला ओलं सामान लावलं की तो वाळताना वाकतो. मागच्या बाजूलाही पातळ फेविकॉलचा किंवा जेसोचा एक हात मारला की ताण दोन्हीकडून सारखा येतो आणि बोर्ड सरळ राहतो.

जेसो लावलाच पाहिजे का? डायरेक्ट रंगवलं तर?

कागदावर चालेल. एमडीएफ, पुठ्ठा, लाकूड यांवर नाही लावला तर ते रंग पीत बसतात आणि तुम्ही ट्यूबवर ट्यूब ओतत राहता. दोन पातळ हात, पहिला आडवा, पूर्ण वाळला की दुसरा उभा, मग पॉलिश पेपरने हलकं घासायचं. घासताना तोंडाला मास्क, एमडीएफची धूळ छातीत जायला नको.

घरी करायचा असेल तर पांढरा ॲक्रिलिक, थोडा फेविकॉल आणि गाळलेली खडूची पूड, दह्याइतकं सरसरीत. प्रॅक्टिसला, मुलांच्या कामाला मस्त. पण विकायच्या कामाला विकतचाच जेसो घ्या.

माझे रंग चिखलासारखे होतात. का??

कारण तुम्ही थांबत नाही आहात, नव्वद टक्के लोकांचं हेच होतं. लाल ओला असताना त्यावर हिरवा फिरवला की तपकिरीच होणार, जांभळा आणि पिवळ्याचं तेच. एक थर वाळू द्या मग दुसरा, ॲक्रिलिक वाळला की पाण्याला दाद देत नाही त्यामुळे खालचा रंग उठत नाही. हाच तर त्याचा फायदा, आणि लोक नेमका तोच घेत नाहीत. हेअर ड्रायर वापरा हवं तर, पण लांबून, जाड थराला जवळून गरम हवा मारली तर वरून कातडं धरतं आणि आत ओलंच राहतं.

आणि हो, ॲक्रिलिक वाळल्यावर थोडा गडद दिसतो कारण त्यातला चिकट पदार्थ ओला असताना दुधी असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. म्हणून "मिसळताना बरोब्बर होता, आता वेगळाच दिसतोय" असं वाटतं. कागदाच्या कपच्यावर एक ठिपका लावून वाळवून बघा आणि मग ठरवा.

कशावर काय लावायचं हे सोप्या भाषेत सांगा.

पाण्यातलं खाली, तेलातलं आणि मेणातलं वर. ॲक्रिलिकवर ऑइल कलर चालतो, ऑइलवर ॲक्रिलिक चालत नाही, निघून येतो. ऑइल पेस्टल कधीच पूर्ण वाळत नाही म्हणून तो अगदी शेवटी, त्यावर ॲक्रिलिक फासलात तर काही दिवसांनी पापुद्रे निघायला लागतील. मेणाचा खडू आधी मारून वर पाण्याचा पातळ रंग सोडला तर रंग सरकतो आणि मेणाच्या रेघा उठून दिसतात, तो इफेक्ट हवा असेल तर करा मुद्दाम, कागदावर छान दिसतो.

पोस्टर कलर हा वेगळा प्राणी आहे, वाळला तरी पाणी लागलं की परत उठतो. त्यावर ब्रशने वॉर्निश लावलं की सगळं फरफटतं. त्यावर स्प्रेच करायचा, तोही लांबून, हलका हलका. वॉटर कलर गुळगुळीत ॲक्रिलिकवर थेंब थेंब होऊन पळतो, त्याला मॅट, खरखरीत जेसो लागतो. जेल पेन आणि साधे स्केचपेन वॉर्निशखाली पसरतात म्हणून रेघा काढायला वॉटरप्रूफ शाई किंवा ॲक्रिलिक मार्कर.

कागद चिकटवला की फुगे आणि सुरकुत्या येतात.

आता एटीएम कार्ड. कागदाला पाणी लागलं की तो पसरतो, वाळताना आखडतो, सुरकुती त्यातूनच येते. म्हणून फेविकॉल थोडा पातळ करून (अगदी पाणी नको, घट्ट ताकाइतका) बोर्डाला पण लावायचा आणि कागदाच्या मागे पण, मिनिटभर कागदाला तसंच राहू द्यायचं म्हणजे जे पसरायचं ते आधीच पसरतं, मग ठेवायचा आणि कार्डाने मधून कडेकडे दाबत न्यायचा. कडेला निघालेला गोंद ओल्या फडक्याने पुसायचा. वर बटर पेपर, त्यावर जाड पुस्तकं, रात्रभर. बटर पेपर विसरलात तर पुस्तकही कलाकृतीचा भाग होईल.

लग्नपत्रिका लॅमिनेशनवाल्या असतात, त्या तशाच चिकटत नाहीत, मागून आणि पुढून पॉलिश पेपरने घासा. त्यांच्यावरचा गणपती फाडायला हात धजावत नाही असं खूप जणी म्हणतात, मग तो नीट कापून चित्रातच लावा ना, माझ्याकडे एका काकूंनी पंचवीस-तीस गणपतींचं एक मोठं तोरण केलंय भिंतीवर, बघण्यासारखं आहे.

वर्तमानपत्र वापरत असाल तर ते पिवळं पडणारच, त्या कागदातलं लिग्निन (लाकडातून आलेला घटक) उजेडाने तसं होतं. पिवळा लुक आवडत असेल तर मस्त, नाहीतर लेझर झेरॉक्स काढून ती लावा. घरच्या इंकजेट प्रिंटरची प्रिंट ओला गोंद लागला की पसरते, झेरॉक्सची पसरत नाही.

फोटो किंवा जुनं पत्र चित्रात "उतरवायचं" असतं ते कसं करतात?

मला सगळ्यात आवडणारा प्रकार, म्हणून जरा सविस्तर. फोटोची लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स काढा, पण आरशासारखी उलटी करून, नाहीतर आजोबांचं पत्र उलटं वाचावं लागेल. बोर्डावर ॲक्रिलिक मीडियम, म्हणजे रंग नसलेलं नुसतं ॲक्रिलिक (जेल मीडियम असेल तर उत्तमच) एकसारखं, जरा जाडसर लावा, त्यावर प्रिंट छापील बाजू खाली करून ठेवा, कार्डाने हवा काढा, आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी ओल्या स्पंजने कागद भिजवा आणि बोटाच्या टोकाने गोल गोल चोळायला लागा. कागदाच्या शेवयांसारख्या वळकट्या निघायला लागतात आणि खालून शाई दिसायला लागते. नखं लावायची नाहीत. वाळलं की परत पांढुरकं दिसतं, म्हणजे कागदाचा पातळ थर अजून आहे, परत भिजवा, परत चोळा, दोन-तीनदा करावं लागतं. थोडी शाई कुठेकुठे उडते, ती उडू द्या, उलट तीच छान दिसते. खाली फिका रंग असेल तरच प्रतिमा दिसते, कारण पांढरा भाग उतरत नाही, तिथे खालचाच रंग दिसतो.

मूळ पत्र किंवा मूळ फोटो कृपा करून वापरू नका, कागद तर जाणारच आहे त्यात.

घरच्या घरी टेक्स्चर पेस्ट?

गाळलेली खडूची पूड दोन भाग, फेविकॉल एक भाग, चमचाभर पांढरा ॲक्रिलिक, पाणी जवळजवळ नाहीच. पॅलेट नाइफ नसेल तर कार्डच. स्टेन्सिल ठेवून वरून ओढायची, स्टेन्सिल सरळ वर उचलायचा आणि लगेच धुवायचा. पाव इंचापेक्षा जाड एकदम लावू नका, दोन थरांत लावा, मध्ये चोवीस तास. व्हाईट सिमेंटवाली वॉल पुट्टी पण बरेच जण फेविकॉलमध्ये मळून वापरतात, चालते, पण हातमोजे घाला कारण ती त्वचेला चावते, आणि ती फक्त कडक बोर्डावर, कागदावर नाही.

जुन्या भिंतीसारखे तडे आणायचे असतात (क्रॅकल). विकतचं महाग आहे.

खाली गडद रंग, पूर्ण वाळू द्या. त्यावर फेविकॉलचा जाड थर. आता थांबा, पण पूर्ण वाळेपर्यंत नाही: बोट लावलं तर चिकट लागलं पाहिजे पण बोटाला पांढरं लागता कामा नये. त्या वेळेला वरून फिका ॲक्रिलिक, एकाच दिशेने, एकदाच. परत तिथूनच ब्रश फिरवलात की बिघडलं, तडे बुजतात. वरचा थर जाड असेल तर मोठे तडे, पातळ असेल तर बारीक. सगळा खेळ त्या "थांबा" मध्ये आहे आणि तो वेळ पुण्याच्या एप्रिलमध्ये वेगळा, रत्नागिरीच्या जुलैमध्ये वेगळा.

पावसाळ्यात काही वाळतच नाही, वर बुरशी!

कोकणातून आणि मुंबईतून हा प्रश्न जून ते सप्टेंबर येतोच. आधी बघा चिकटवायला काय वापरलंत. मैद्याची खळ वापरली असेल तर बुरशी आणि कसर दोघांनाही आमंत्रण. जुने बुक बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी, पण मोरचूद विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात नकोच, त्यापेक्षा फेविकॉल वापरा. दुसरं म्हणजे शेवटचा हात म्हणून पाणी घालून फेविकॉल लावायची सवय. तो वॉर्निश नाही! दमट हवेत परत मऊ होतो, पांढुरका पडतो, धूळ ओढतो. ॲक्रिलिक वॉर्निश वेगळं घ्या, आणि चित्र वाळल्यावर निदान दोन-तीन दिवसांनी, पाऊस उघडलेला दिवस बघून लावा. भिंतीला ओल असेल तर चित्राच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळते.

जुन्या पैठणीचा काठ, खण वगैरे लावायचे आहेत. कापताना दोरे निघतात.

कापायच्या आधी उलट्या बाजूने पातळ फेविकॉल लावून वाळवा, मग कापा, एक दोरा सुटणार नाही. जुनी सुती साडी असेल तर आधी ओलं पांढरं फडकं दाबून बघा, रंग लागला तर तो चित्रात पण उतरणार. जरीवर वॉर्निश लावू नका, चमक मरते, आजूबाजूला लावा आणि जरी तेवढी मोकळी सोडा. चांगली धडकी पैठणी कापू नका हो, फाटलेल्या भरपूर आहेत जगात.

हळद, कुंकू, रांगोळीचे रंग चित्रात वापरले तर?

दिसतात सुंदर, टिकत नाहीत. हळद उन्हात फिकी पडते, आणि चुना किंवा साबण लागला की लाल होते. रांगोळीचे झगझगीत गुलाबी-हिरवे आणि फ्लोरोसंट रंग पण उजेडाने उडतात. खात्री करायची असेल तर कागदावर पट्टे रंगवा, अर्धी पट्टी काळ्या कागदाने झाका आणि खिडकीच्या काचेला आतून चिकटवून ठेवा महिनाभर. मग स्वतःच्या डोळ्यांनी बघा कोणता रंग पळाला. गेरू मात्र टिकतो, माती आहे ती, वारलीच्या भिंती त्यानेच तर रंगवतात.

बाटल्या आणि पणत्या रंगवल्या, रंग सालीसारखा निघाला.

काचेला रंग धरायला काही नसतं. बाटली साबणाने, मग स्पिरिटने पुसा, त्यानंतर बोट लावायचं नाही, जेसो किंवा प्राइमर, रात्रभर, मग रंग. आणि अशी बाटली धुवायची नाही, ती शोभेची. पणत्या: मातीची पणती तेल पिते आणि ते तेल बाहेर येऊन रंग उठवतं, म्हणून आतून वॉर्निश न लावता मेणाची टी-लाइट ठेवा, किंवा रंग फक्त बाहेर, आणि वातीजवळची कड मोकळी. लेस, कागद, ग्लिटर ज्योतीजवळ अजिबात नको. रंगवलेल्या ताटल्यांत फराळ वाढू नका, वर कितीही वॉर्निश असलं तरी.

दारावर नावाची पाटी करायची आहे, बाहेर टिकेल?

छताखाली असेल तर टिकेल. थेट पाऊस लागत असेल तर एमडीएफ सोडा, मरीन प्लाय (पाण्यात टिकणारं प्लायवूड) घ्या, कडा आणि मागची बाजू धरून पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निशचे तीन हात. अक्षरं चिकटवायला फेविकॉल नाही, दोन भागांचं इपॉक्सी. पाटी धुणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा :)

लहान मुलांसोबत करू का?

करा की. तीन वर्षांखालच्यांना मणी, टिकल्या, खडे देऊ नका, तोंडात जातात. ग्लू गन तुमच्याच हातात. ब्रश ओठांत धरायची सवय लागू देऊ नका, मोठ्यांनाही असते ती. आणि ॲक्रिलिक लागलेला युनिफॉर्म ओला असतानाच धुवा, वाळला तर निघणार नाही, मग शाळेत कलाकाराचा युनिफॉर्म घालून जायचं.

ब्रश आणि रंगाचं पाणी?

ब्रश लगेच धुवायचा, कोमट पाणी आणि साबण, गरम नको. केसांच्या मुळाशी, पत्र्याच्या आत रंग वाळला की ब्रश फाकतो आणि तो परत येत नाही. धुण्याआधी जास्तीचा रंग कागदाला पुसा. रंगाचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पाणी काढा आणि गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात.

पिंटरेस्टवरचं चित्र कापून वापरलं आणि विकलं तर चालतं का?

नाही. कोणाचं तरी काम आहे ते. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो. रवि वर्मा १९०६ ला गेले, त्यांची चित्रं बिनधास्त वापरा. वारलीसारखं काही करून विकत असाल तर "वारली" म्हणून नको, वारली चित्रं ज्यांची आहेत त्या लोकांकडून घ्या, ते विकतात. हे माझं मत आहे, पण ठाम आहे.

किंमत किती लावू? आणि कुरिअर?

सामान, तुमचे तास, पॅकिंग, स्टॉलचं भाडं, सगळं धरा. नातेवाईक "घरीच तर केलंय" म्हणतात, त्यांना हसून बघायचं आणि किंमत तीच सांगायची. कुरिअरला बबल रॅप थेट चित्राला लावू नका. ॲक्रिलिक उन्हात मऊ पडतो, आणि मे महिन्यात टेम्पोत दिवसभर तापला की बबलचे गोल गोल ठसे कायमचे उमटतात. आधी बटर पेपर, मग पुठ्ठा दोन्हीकडून, मग बबल रॅप. दोन चित्रं असतील तर समोरासमोर ठेवायची नाहीत, चिकटतात.